वर्षातून चारदा उघडणारे नळ

पंढरपुरात आमच्या समाजाची धर्मशाळा आहे. तळमजला आणि वर दोन मजले. जुन्या भागात मोठे हॉल आणि सामाईक न्हाणीघरं, नव्या भागात आतच संडास-बाथरूम असलेल्या चोवीस खोल्या. आषाढीला जिन्याच्या पायऱ्यांवरही पथाऱ्या पडतात. कार्तिकीलाही गर्दी असते, माघी आणि चैत्रीला त्याहून कमी. बाकी वर्षभर दोन-तीन खोल्यांत कुणी असलं तर असलं, आणि तळमजल्यावर व्यवस्थापक तात्यांचं बिऱ्हाड. २०२० आणि २०२१ला पायी वारीच निघाली नाही, पादुका एसटीनं पंढरीला आल्या. त्या काळात आमच्या इमारतीला जवळजवळ कुलूपच होतं.

२०२२ची आषाढी १० जुलैला होती आणि वारी पुन्हा पायी निघणार हे ठरल्यावर मे महिन्यात विश्वस्तांची बैठक झाली. विषय रंगाचे, गाद्या-उशांचे, लाइटच्या मीटरचे, आणि नेहमीप्रमाणे शेवटी ‘टाक्या धुणे’. मी पुण्यात एका हॉटेलच्या मेंटेनन्स खात्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे नळ, मोटार, पंप असलं काही निघालं की सगळे माझ्याकडे बघतात. मी म्हटलं, नुसत्या टाक्या धुऊन भागणार नाही. टाकीपासून शेवटच्या नळापर्यंतचं सगळं पाणी बदलायला हवं. दोन वर्षं पाइपात पडून राहिलेलं पाणी वारकऱ्यांच्या अंगावर सोडायचं नाही.

“अहो, पहिल्या दोन बादल्या तांबड्या येतील, मग साफ,” एक ज्येष्ठ विश्वस्त म्हणाले. “इतकी वर्षं माणसं उतरतात, कुणाला काही झालंय का?”

झालं असतं तर आपल्याला कळलं असतं का, एवढंच मी विचारलं.

१९७६च्या जुलैमध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाच्या बेलव्ह्यू-स्ट्रॅटफर्ड हॉटेलात ‘अमेरिकन लीजन’ या माजी सैनिकांच्या संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. अधिवेशन आटोपलं, माणसं आपापल्या गावी गेली, आणि मग एकेकाला ताप चढायला लागला, न्यूमोनिया झाला. अधिवेशनाला आलेल्यांपैकी २९ जण दगावले. सगळे एकाच संघटनेचे असल्यामुळे धागा जुळला, तरी कारणीभूत जिवाणू हाती लागल्याचं जाहीर व्हायला १९७७चा जानेवारी उजाडला. त्याला नाव पडलं लिजिओनेला. आता आपला वारकरी बघा. एकादशी झाली की कुणी बीडला जातो, कुणी वाशिमला, कुणी चंदगडला. लागण झाल्यापासून आजार दिसायला साधारण दोन ते दहा दिवस जातात. तोवर माणूस घरी, शेतावर. ‘वारीत भिजला, छातीत कफ झाला’ असं घरचे म्हणणार आणि तालुक्याचे डॉक्टर न्यूमोनिया लिहिणार. लघवीतून हा जिवाणू ओळखायची तपासणी आहे, पण ती करा म्हणून सुचवणार कोण? वर पेनिसिलिनच्या कुळातली औषधं याच्यावर चालत नाहीत, कारण तो आपल्याच पेशींच्या आत जाऊन बसतो.

मंडळात एक डॉक्टर आहेत. त्यांनी मान डोलावली आणि यादी सांगितली: पन्नाशीच्या पुढची माणसं, विडी-सिगारेट ओढणारे, मधुमेही, फुप्फुसं अधू असलेले. आमच्या दिंडीतले बहुतेक सगळे या यादीत बसतात. मी २०२०ची गोष्टही पुढे केली. अमेरिकेची सीडीसी, म्हणजे साथरोगांवर काम करणारी सरकारी संस्था, जिनं हा जिवाणू शोधला तीच. तिनं अटलांटात भाड्यानं घेतलेल्या काही इमारती लॉकडाऊनमध्ये बंद होत्या, आणि त्या ऑगस्टमध्ये तिथल्याच नळांच्या पाण्यात लिजिओनेला सापडल्यामुळे त्या इमारती वापरता येईनात. बंद इमारती पुन्हा सुरू करताना पाण्याचं काय करायचं, याच्या सूचना याच संस्थेनं काही महिन्यांपूर्वी जगाला दिल्या होत्या. ही गोष्ट ऐकून ज्येष्ठ विश्वस्त जरा हसले आणि खर्चाला मंजुरी मिळाली.

एक खुलासा मला पुढे वारंवार करावा लागला. हे पाणी पिऊन सहसा हा आजार होत नाही आणि एका माणसाकडून दुसऱ्याला लागत नाही. पाण्याचा बारीक फवारा श्वासातून खोल गेला की धोका. म्हणजे शॉवर, जेट स्प्रे, जोरात आदळणारा नळ, कारंजं, मोठ्या एसीचे कूलिंग टॉवर. बादली भरून तांब्यानं आंघोळ करणाऱ्याला त्रास खूपच कमी. आमच्या जुन्या भागात सगळा बादली-तांब्याचाच कारभार आहे. धोका होता तो नव्या भागात, म्हणजे जिथे आपण देणग्या घेऊन सोय केली, टाइल्स लावल्या, शॉवर बसवले, नेमका तिथेच.

आता काम. हॉटेलात असताना माझ्यासमोर भिंतीवर पाण्याच्या लाइनींचा नकाशा असायचा. इथे नकाशा म्हणजे तात्यांची स्मरणशक्ती. दत्ता प्लंबरला घेऊन आम्ही गच्चीपासून खाली उतरत गेलो आणि एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीनं लाइनी काढल्या. नगरपरिषदेचं पाणी जमिनीखालच्या हौदात, तिथून मोटारीनं गच्चीवरच्या पाच-पाच हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्यांत, टाक्यांतून खाली दोन शाफ्टमध्ये. गच्चीवरच हजार लिटरचा सोलर, त्याची गरम लाइन फक्त नव्या भागाला.

सगळ्यात जास्त वेळ मी त्या दोन टाक्यांपाशी घालवला. मोटारीचं पाणी पडत होतं पहिल्या टाकीत. इमारतीला जाणारी लाइनही निघत होती पहिल्याच टाकीतून. दुसरी टाकी खालून एका आडव्या पाइपानं पहिलीला जोडलेली. म्हणजे पहिलीत पाणी चढलं की दुसरीत चढायचं, उतरलं की उतरायचं. बघणाऱ्याला दोन्ही टाक्या भरलेल्या दिसणार. पण दुसरीतलं पाणी जागच्या जागी वरखाली होत होतं, त्याला बाहेर जायला वाटच नव्हती. तिचं झाकण उघडलं तर आत पारव्याची पिसं, तळाशी बोटभर गाळ, आणि भिंतीवरून बोट फिरवलं की बुळबुळीत थर बोटाला यायचा. हा थर महत्त्वाचा. लिजिओनेला पाण्यात सुटा फिरत राहत नाही, अशा थरात राहतो. त्यातले अमिबा त्याला गिळतात आणि तो अमिबाच्या पोटातच वाढतो. नुसतं वरून क्लोरीन टाकलं तर ते त्याच्यापर्यंत पोचत नाही. थर खरवडून काढावाच लागतो.

आम्ही जोडणीच बदलली. मोटारीचं पाणी पहिल्या टाकीत, तिथून दुसरीत, आणि इमारतीची लाइन दुसरीतून. आता शिळं पाणी आधी बाहेर पडतं. शिवाय बायपासचा व्हॉल्व्ह टाकला, म्हणजे आडदिवसांत एक टाकी पूर्ण रिकामी आणि कोरडी ठेवता येते. हिशेब साधा होता. तात्यांचं घर आणि दोन खोल्या मिळून दिवसाला पाचशे लिटर पाणी लागतं. गच्चीवर दहा हजार. म्हणजे नगरपरिषदेकडून आलेला थेंब नळातून बाहेर पडायला वीस दिवस. तोवर मे महिन्याच्या उन्हात काळ्या टाकीत क्लोरीन कशाला टिकतंय? पाण्यात क्लोरीन किती उरलंय ते रंगावरून दाखवणारी ओटी टेस्ट केली तर हौदाच्या तोंडाशी पिवळा रंग चांगला यायचा आणि दुसऱ्या मजल्यावरच्या नळाला पाणी पांढरंच राहायचं. पिण्याच्या पाण्यात निदान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन दर लिटरला शिल्लक असावं असं भारतीय मानक म्हणतं. आमच्याकडे शून्य.

आणि तापमान. इंग्लंडमधली नियमावली सांगते की थंड पाणी २० अंशांच्या खाली ठेवा, गरम पाणी ६०ला साठवा आणि नळाला पन्नासच्या वर येऊ द्या, कारण हा जिवाणू साधारण २० ते ४५ अंशांत वाढतो, पस्तीस-सदतीसला तर जोमानं. वाचायला छान. पंढरपुरात मे महिन्यात मी टाकीतल्या पाण्यात थर्मामीटर सोडला तर ३८ दाखवलं. आपल्याकडे ‘थंड’ पाणी म्हणजे उन्हाळाभर जिवाणूला मानवणारं कोमट पाणी. त्यामुळे थंडीच्या भरवशावर बसलेली विलायती शिस्त इथे अर्धीच उपयोगाची. आपल्या हातात तीन गोष्टी उरतात. पाणी हलतं ठेवणं, क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत पोचवणं आणि गरम पाणी खरोखर गरम ठेवणं.

पाइपांकडे वळलो तेव्हा दत्ताचा उत्साह वाढला, कारण तोडफोड आली. जिथे पाणी जातं पण जिथून कधीच बाहेर पडत नाही अशा लाइनी शोधायच्या होत्या. जिन्याखाली पूर्वी हात धुवायची बेसिनं होती. ती काढली, पण लाइन भिंतीत तशीच ठेवून तोंडाला एंड कॅप मारलेली. जुनं स्वयंपाकघर पाडून हॉल वाढवला, त्याची दहा-बारा फुटांची जीआय, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडाची लाइन फरशीखाली जिवंत. कॅप काढली तर आधी काहीच नाही, मग काळसर, गंजाचा वास मारणारं पाणी बादलीत आलं आणि त्याबरोबर शेवाळासारखा एक लोळा. दत्ता म्हणाला, “साहेब, याला हात नका लावू.” अशा लाइनी कॅपपाशी नाही, मुळाशी तोडायच्या असतात. जिथून फाटा फुटतो तिथला टी काढून सरळ सॉकेट टाकायचं. नाहीतर वीतभराचा खुंट राहतो आणि तोही तेच काम करतो. दत्ताला हे पटायला वेळ लागला, कारण टाइल फोडावी लागणार होती. एका ठिकाणी फोडलीच नाही, तिथे मात्र खुंटाच्या तोंडाशी नळ बसवून दिला आणि झाडूवालीला सांगितलं की रोज इथूनच बादली भरायची.

टाक्या धुणं हे गावोगाव होतं, त्यावर फार लिहीत नाही. फक्त हौदात माणूस एकटा उतरवू नका. झाकणं आधी उघडी टाका, वर एक माणूस नजर ठेवून उभा असू द्या. आणि संडास धुवायचं ॲसिड त्या दिवशी इमारतीत कुठेही उघडू देऊ नका. टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, आणि ॲसिड एकत्र आलं की क्लोरीनचा वायू सुटतो. आमच्या सफाईवाल्या बाईंनी दोन्ही डबे एकाच कोपऱ्यात, एकावर एक ठेवले होते.

टीसीएल म्हणजे ग्रामपंचायतीच्या विहिरीत टाकतात तीच पावडर. पाइपांचं निर्जंतुकीकरण करायचं तर लिटरला ५० मिलिग्रॅम क्लोरीनचं पाणी तासभर लाइनीत ठेवायचं असतं. पाच हजार लिटरला २५० ग्रॅम क्लोरीन लागतं. ताज्या पावडरीत तीसेक टक्के क्लोरीन असतं, पण पोतं उघडं राहिलं की ते उडत जातं, म्हणून मी २५ टक्के धरून टाकीला एक किलो पावडर घेतली. ती थेट टाकीत ओतायची नाही. प्लॅस्टिकच्या बादलीत कालवून, अर्धा तास ठेवून, वरची निवळी तेवढी टाकीत घालायची. खाली बसलेला चुना टाकीत गेला तर नळांच्या जाळ्यांत अडकतो.

मग टाकीच्या जवळच्या नळापासून सुरुवात करून एकेक नळ उघडत गेलो. क्लोरीनचा वास आला की त्या नळाला टेस्ट करायची, मग बंद करून पुढे. ओटीच्या किटवर दोनच्या वर वाचताच येत नाही, ५० कुठून दिसणार? म्हणून नळाचं १० मिलिलिटर पाणी घेऊन त्यात बिनक्लोरीनचं पाणी घालून अर्धा लिटर करायचं आणि मग टेस्ट करायची. रंग एकचा आला की मूळ पाणी ५०चं. ओटीचं औषध हाताला लागू द्यायचं नाही आणि टेस्ट झालेलं पाणी मोरीत ओतायचं. तासानंतर पुन्हा मोजलं. बहुतेक ठिकाणी चाळिशीच्या आसपास टिकलं होतं. पण दुसऱ्या मजल्याच्या टोकाच्या दोन खोल्यांत दहासुद्धा राहिलं नव्हतं. म्हणजे तिथे पाइपाच्या आत अजून बरंच काही क्लोरीन खात होतं. त्या फांदीला सगळं परत केलं.

हे पाणी सोडून द्यायची घाई करायची नसते. जुन्या भागाला सेप्टिक टँक आहे, एवढं क्लोरीन त्यात गेलं तर तो मरतो. नाल्यातून चंद्रभागेतही सोडायचं नव्हतं. सोडियम थायोसल्फेट घालून क्लोरीन मारलं, टेस्ट केली आणि मग हळूहळू सोडलं.

नळ सोडण्याची एक रीत आहे, ती हॉटेलात अंगवळणी पडलेली. शॉवरची जाळी आधी काढायची, पाइपाला रबरी नळी लावून तिचं टोक मोरीच्या तोंडात घालायचं आणि मग चावी सोडायची. म्हणजे शिळ्या पाण्याचा फवारा उडत नाही. नळी नसेल तर शॉवरला प्लॅस्टिकची पिशवी बांधून खालचा कोपरा कापायचा. खिडकी उघडी, तोंडाला एन-९५, संडासाचं झाकण लावून फ्लश. कोविडनंतर मास्क घाला म्हटल्यावर कुणी हुज्जत घातली नाही, तेवढा एक फायदा झाला. काढलेल्या जाळ्या मी एका घमेल्यात जमा केल्या. सोलापूर जिल्ह्याच्या पाण्यात क्षार इतके, की निम्मी भोकं पांढऱ्या खड्यांनी बुजलेली आणि आतून तपकिरी साय धरलेली. लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवून त्या साफ केल्या, अर्थात टीसीएलपासून लांब, मागच्या अंगणात.

शॉवर काढूनच टाका असं माझं मत होतं. त्यावर मंडळात खडाजंगी झाली. खोलीबाहेर देणगीदाराच्या नावाची पाटी आहे, तो पुढच्या वारीला येणार आणि विचारणार, माझा शॉवर कुठे गेला? शेवटी तोडगा निघाला. रोज वापरात राहतील अशा पहिल्या मजल्यावरच्या खोल्यांचे शॉवर ठेवले, बाकीच्या खोल्यांत जाळीच्या जागी प्लग. गेली दोन वर्षं कुणी एका शब्दानं तक्रार केलेली नाही. वारकऱ्याला बादली आणि भरपूर पाणी मिळालं की झालं.

सोलरला क्लोरीन दिलं नाही, आतल्या स्टीलच्या टाकीला ते मानवत नाही. तिथे उष्णता वापरली. सोलरला बॅकअप कॉइल होती, पण वीजबिलाच्या धाकानं तात्यांनी तिचं बटण चिकटपट्टीनं बंद केलेलं. आणि खरी मेख तिथेच. सोलरचं पाणी भर उन्हात सत्तरला जातं, पण आषाढातल्या ढगाळ दिवसांत चाळीसच्या पुढे सरकत नाही, आणि रात्रभर तसंच कोमट राहतं. हजार लिटर कोमट पाणी, वापर शून्य. म्हणजे जिवाणूला याहून चांगली जागा मीही बांधून दिली नसती. कॉइल चालू करून पाणी सत्तरला नेलं, तासभर तिथे ठेवलं आणि एकेका खोलीत नळाला साठच्या वर येईपर्यंत सोडून पुढे पाच मिनिटं चालू ठेवलं. हे करताना त्या मजल्यावर दुसऱ्या कुणाला फिरकू दिलं नाही. साठ अंशांचं पाणी काही सेकंदांत भाजतं. टोकाच्या खोलीत पाणी साठला पोचायलाच इतका वेळ लागला की दत्ता कंटाळून उंबऱ्यावर बसला. लाइन उघड्यावरून जात होती, तिला इन्सुलेशन नव्हतं. तेही घातलं.

काम सुरू करायच्या आधी मी पुण्याच्या एका प्रयोगशाळेकडून बाटल्या मागवून नमुने घेतले होते. लिटरभराची निर्जंतुक बाटली, आत थायोसल्फेट, म्हणजे नमुन्यातलं क्लोरीन वाटेतच जिवाणूला मारून खोटा निकाल देणार नाही. नळ आधी सोडायचा नाही, पहिली धारच बाटलीत घ्यायची. कोळसा घातलेल्या काळ्या माध्यमावर हा जिवाणू वाढवतात आणि तो आळशी आहे, निकालाला दहा दिवस लागतात. अहवाल आला तोवर आमची धुलाई होऊन गेली होती. सोलरच्या आउटलेटला लिजिओनेला निघाला, आणि टोकाच्या त्या दोन खोल्यांपैकी एकीत. जुन्या भागात नाही. धुलाईनंतरचे नमुने निरंक आले. विश्वस्तांना तो कागद फार आवडला, फ्रेम करून ऑफिसात लावू म्हणाले. मी लावू दिला नाही. तो कागद त्या दिवसाचा. महिनाभर नळ बंद ठेवा, थर पुन्हा धरायला लागतो. मला विचाराल तर पैसे थोडे असतील तेव्हा आधी थर्मामीटर आणि ओटीचं किट घ्या, प्रयोगशाळेचा विचार नंतर.

खरा पेच वारी संपल्यावरचा. न वापरातले नळ आठवड्याला एकदा तरी सोडावेत असा दंडक आहे. तात्या म्हणाले, “साहेब, उन्हाळ्यात इथं दिवसाआड पाणी. गाव हंडे घेऊन फिरतंय आणि मी बसून नळ सोडू?” त्यांचा मुद्दा खोटा नव्हता. मग आम्ही मोजलं. इंची पाइपात मीटरला साधारण अर्धा लिटर पाणी मावतं. मजल्याच्या साठ मीटर लाइनीत तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या. तास न् तास नळ सोडायचा नाही, पाइपातलं पाणी बदलेल एवढंच सोडायचं. सगळ्या खोल्यांचं मिळून काही शे लिटर होतं. ते नळीनं खाली आणून अंगण आणि संडास धुवायला, तुळस-कडुनिंबाला वापरायचं. तेवढं पाणी तसंही लागतच होतं, फक्त ते खालच्या नळाऐवजी वरच्या टोकाकडून घ्यायचं.

वार ठरवताना अडलं. सोमवार म्हटला तर सोमवार विसरायचा, रजिस्टरमध्ये एकदम चार सह्या मागाहून. मग तात्यांच्या मंडळी, आमच्या काकू म्हणाल्या, “वार कशाला, तिथी धरा. एकादशीला आणि चतुर्थीला सोडते मी नळ. दोन्ही उपास मला आहेत, विसरायचा प्रश्न नाही.” मी बोटांवर मोजलं. चतुर्थी ते एकादशी सात तिथी, एकादशी ते पुढची चतुर्थी आठ. दोन्ही पक्षांत. आठवड्याचा दंडक जवळजवळ अचूक पाळला जात होता. तेव्हापासून खोल्यांच्या चाव्यांचा जुडगा उपासाच्या दिवशी सकाळी काकूंच्या कमरेला असतो आणि रजिस्टरमध्ये तारखेऐवजी ‘संकष्टी’, ‘कामिका’, ‘विनायकी’ अशा नोंदी असतात. हॉटेलातल्या ऑडिटरनं ते मान्य केलं नसतं, पण पानं मात्र एकही रिकामी नाहीत.

दुसरी युक्ती दत्ताची. तात्यांच्या घराला पाणी जात होतं ते टाकीखालून, सगळ्यात आधीच्या फाट्यावरून. त्यांचा रोजचा वापर पुढच्या लाइनीला काहीच उपयोगी पडत नव्हता. दत्ता म्हणाला, तात्यांचं कनेक्शन पहिल्या मजल्याच्या लाइनीच्या टोकाहून खाली घेऊ या. घेतलं. आता तात्यांच्या घरी धुणीभांडी झाली की पहिल्या मजल्याची अख्खी मुख्य लाइन आपोआप बदलते, खोल्यांच्या छोट्या फांद्या तेवढ्या उरतात. चार-पाच हजारांचं काम. हॉटेलात आम्ही हे लाखोंच्या पंपांनी पाणी फिरवून करायचो.

सोलरचं मात्र मंडळाशी अजून जमलेलं नाही. रिकाम्या महिन्यांत हजार लिटर पाणी साठला ठेवायचं तर वीजबिल परवडत नाही, आणि कोमट ठेवायचं तर मी सही करणार नाही. सध्या वारीच्या काळाव्यतिरिक्त सोलर रिकामा करून काचेच्या नळ्यांवर ताडपत्री टाकतो, कारण रिकाम्या तापलेल्या नळीत नंतर गार पाणी गेलं की ती तडकते. वापरातल्या तीन खोल्यांना छोटे इन्स्टंट गीझर दिलेत, त्यांत साठतं ते दोन-तीन लिटर. आषाढीच्या आधी ताडपत्री निघते, कॉइलनं पाणी सत्तरला जातं आणि मगच खोल्यांकडे सोडतात. आता एका देणगीदाराला मागच्या बाजूला आणखी आठ खोल्या बांधायच्या आहेत, सोलरसकट. आर्किटेक्टनं पाठवलेल्या प्लॅनमध्ये पाटीची जागा दाखवली आहे. पाण्याची लाइन कुठे संपते आणि तिच्या टोकाला रोज कोण नळ उघडणार, ते लिहून मागितलंय. उत्तर यायचंय.